आमच्याकडे राहिलेले अर्ज

कापूस वेचायचे दिवस आले की मी आता राहते त्या लोहाऱ्याच्या रस्त्याकडेची झुडपं पांढरी होतात. जिनिंगकडे जाणारे टेम्पो ताडपत्री कशीबशी आवळून पळत असतात, आणि वाऱ्याने सुटलेले कापसाचे पुंजके बाभळीच्या काट्यांत अडकून राहतात. माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या बायका म्हणतात, किती छान दिसतं नाही? मी मान डोलावते. मला ते बघवत नाही हे त्यांना सांगून उपयोग नाही. निवृत्त बाईने सकाळच्या प्रहरी असं काही बोललं की लोक तिला रक्तदाब तपासून घ्यायला सांगतात.

यंदा त्यात एका फोनची भर पडली. फोन दिग्रसहून होता. वकीलसाहेबांवर एक स्मरणिका काढायची आहे, तुम्ही त्यांच्या इतक्या जवळच्या, तुमचा लेख हवाच. "बियाण्याचा प्रश्न साहेबांनी लोकसभेत मांडला, त्यावर लिहा ताई. तीच तर त्यांची मोठी कामगिरी." मी हो म्हटलं. कोरे कागद काढले, वरती त्यांचं नाव लिहिलं आणि चार दिवस त्या नावाखाली एक ओळ उतरली नाही. मग हे लिहायला घेतलं. हे काही स्मरणिकेत छापणार नाहीत.

मी वकीलसाहेबांची टायपिस्ट. माझे वडील दिग्रसच्या कोर्टात कारकून होते, ते गेले तेव्हा साहेबांनीच मला बोलावून घेतलं आणि यंत्रापुढे बसवलं. नोकरी दिली, उपकार केल्याचा आव कधी आणला नाही. साहेब उंच, सावळे, आवाज खर्जातला. त्यांचे वडील शाळामास्तर. वकिलीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडे स्वतःचा काळा कोट नव्हता, थोरल्या वकिलांचा वापरून सैल झालेला कोट घालून ते उभे राहत, आणि कोट सैल असला तरी उलटतपासणी घट्ट असे, असं ते स्वतःच हसून सांगत.

त्यांच्या कचेरीची एक रीत होती. पक्षकार जे बोलेल ते मी टाइप करायचं, मग साहेब ते त्याला त्याच्याच बोलीत वाचून दाखवायचे. "हे तूच बोलला ना? का माह्या मनचं घातलं मी त्याच्यात?" माणूस हो म्हणाला की मगच अंगठा. दुसरी रीत शिक्क्याची. वकिलीच्या सुरुवातीला एका गरीब माणसाचा खरेदीखताचा मूळ कागद दुसऱ्या कोणाच्या हातून गहाळ झाला, त्या माणसाचं घर गेलं. तेव्हापासून साहेबांकडे आलेला प्रत्येक मूळ कागद आम्ही ठेवून घ्यायचो, लोखंडी कपाटात, आणि नकलेवर गोल शिक्का मारून ती पक्षकाराला द्यायचो. शिक्क्यात एकच शब्द होता, 'मिळाले'. तो मारायचं काम माझं. पंचक्रोशीत त्या शिक्क्याला मान होता. बाया तो कागद देवघरात ठेवत.

मग पक्षाने त्यांना लोकसभेचं तिकीट दिलं. प्रचारात मी होते, जीपमध्ये मागे, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून. एका पारावर एक म्हातारा उठून म्हणाला होता, "आपला वकील आता दिल्लीच्या कोर्टात उभा राह्यते. मंग पाहा." सगळे हसले, साहेबही हसले. मला त्यातलं तेव्हा काही खटकलं नाही. ते निवडून आले, दिल्लीला जाऊ-येऊ लागले, पण दिग्रसमध्ये त्यांना खासदारसाहेब कोणी म्हटलं नाही. वकीलसाहेब ते वकीलसाहेबच. दाराबाहेरच्या पाटीवरही वकील हाच शब्द मोठा होता.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते कशासाठी येतं हे कोणी कोणाला विचारत नसे. बसमध्ये लोक बोलायचे कमी झाले होते. दुकानांतून दर हंगामात नव्या रंगाच्या बियाण्याच्या पिशव्या दिसायच्या, पिशवीवर बोंडांनी लगडलेलं झाड. त्या एका वर्षी तसल्याच एका बियाण्याने दगा दिला. उगवलं छान. कमरेच्या वर गेलं. पानं अशी हिरवीगार की रस्त्याने जाणारा थांबून बघे. आणि बोंड नाही. पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या, गळाल्या, फुलं मोजकी आली, तीही गळाली. दसरा गेला, दिवाळी गेली, कापसाची पऱ्हाटी नुसती उभी.

आमच्याकडे वेचणीच्या पहिल्या दिवशी बाया वावरात सीतादही करतात. पहिला कापूस पूजायचा, दहीभात ठेवायचा, मग ओटीला फडकं बांधून तासाला, म्हणजे झाडांच्या ओळीला, लागायचं. त्या वर्षी कितीतरी वावरांत ते झालंच नाही. वेचायला काही असेल तर पूजा.

गिरजाबाई आमच्या कचेरीत आली ती त्याच दिवसांत. दिग्रस तालुक्यातलंच तिचं गाव, बसने अर्ध्या तासाचं. नवरा साप चावून गेलेला, पदरात एक मुलगी, आणि नवऱ्याच्या वाट्याचं चार एकर वावर ती स्वतः करायची. वखरापासून फवारणीपर्यंत सगळं. तीस-बत्तीस वर्षांची असेल. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. साहेबांनी बसवलं.

"बोल माय."

"बोंड नाई लागलं जी. एक नाई. दीर म्हणते, तूनं युरिया जास्त फेकला, माजवली पऱ्हाटी. म्हणते, बाईच्या हातानं वावर होत नाई. संक्रांतीनंतर बैठक बसवून राह्यला. वावर त्याले पाह्यजे वाह्याले."

"आणि तुझं म्हणणं?"

"माह्यं म्हणणं बी खोटं होतं. युरिया मी मापानंच टाकला. पण माह्यं कोण आयकते? सरकारचा मानूस येऊन, वावर पाहून, कागदावर लिहून गेला, का बी खोटं होतं, तं बैठकीत तो कागद ठेवता येते. मले भरपाई नाई भेटली तरी चालते जी. मले तो कागद पाह्यजे."

मी ते शब्द जसेच्या तसे टाइप केले. साहेबांनी वाचून दाखवले. ती ऐकताना ओठ हलवत होती, स्वतःचंच बोलणं पाठ केल्यासारखी. मग अंगठा. मी मूळ अर्ज फायलीला लावला, नकलेवर शिक्का मारला आणि तिच्या हातात दिली. तिने तो कागद कपाळाला लावला, चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवला. जाताना मला विचारलं, "झालं ना बाई?" मी म्हटलं, "झालं."

हे मी म्हटलं. साहेबांनी नाही. एवढ्या वर्षांत हा शब्द मी अनेकदा त्यांच्या तोंडी घालून पाहिला आहे, तो तिथे टिकत नाही.

तिच्यामागून रांग लागली. महागावकडून, पुसदच्या वाटेवरून, माणसं अर्ज घेऊन येत होती. काहींनी लिहूनच आणलेले, काहींचे मी टाइप करायची. साहेबांच्या अंगात वकील संचारला होता. एवढा पुरावा एका जागी! ते अर्ज गावाप्रमाणे लावायचे, अनुक्रमांक घालायचे, माझ्याकडून सूची करून घ्यायचे. "शैला, एक कागद इकडचा तिकडे होता कामा नये. सभागृहाच्या पटलावर मूळ प्रती ठेवीन. बघू कसे नाही म्हणतात." त्यांचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला असे. मीही उजळून गेले होते. घरी जाऊन आईला सांगायची, आमच्या कपाटातले कागद दिल्लीला चाललेत.

तालुक्याचं कृषी कार्यालय आमच्या कचेरीपासून पायी पाच मिनिटांवर होतं. मधे एक पानठेला आणि एक शाळा. अर्ज द्यायचा होता तो तिथे. तिथल्या आवक नोंदीत चढला की अधिकाऱ्याला वावरात जावं लागे, पंचनामा करावा लागे, आणि तोही पीक उभं असेपर्यंत. हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण माणसाची सवय त्याच्या अकलेच्या पुढे चालते. तीस वर्षं त्यांनी एकच केलं होतं: मूळ कागद हातचा सोडायचा नाही आणि कोर्टापुढे उभं राहीपर्यंत समोरच्याला काही कळू द्यायचं नाही. आणि लोकांना वाटलं, वकीलसाहेबाच्या हातात दिलं म्हणजे सरकारच्या हातात दिलं. शिक्का तर होताच.

एकदा भाजीबाजारात त्या कार्यालयातला कारकून भेटला. मेथीची जुडी झटकत म्हणाला, "काहो शैलाबाई, बियाण्याचे लय अर्ज येऊन राह्यले म्हणते तुमच्याकडे. आमच्याकडे तं एकबी नाई आला." मी मान ताठ करून म्हटलं, "आमचे साहेब ते दिल्लीतच मांडणार आहेत." तो म्हणाला, "बरं हाये," आणि वांगी बघायला लागला. तो माणूस मला वाचवायला आला होता, असं मला आता वाटतं. कदाचित नसेलही. कदाचित त्याला तेवढंच काम कमी म्हणून बरं वाटलं असेल. पण मी त्या दिवशी घरी जाऊन मेथी निवडली, हे मला स्वच्छ आठवतं, आणि डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

हिवाळी अधिवेशनात साहेबांनी लेखी प्रश्न दिला. भाषा मीच टाइप केलेली, चार कलमं, एकेक कलम तासून काढलेलं. जिल्ह्यात सदोष बियाण्याच्या किती तक्रारी आल्या, किती पंचनामे झाले, दोषींवर काय कारवाई, शेतकऱ्यांना काय दिलासा. उत्तर आलं ते दोन ओळींचं. संबंधित कार्यालयांकडे अशी कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही. उरलेल्या कलमांबाबत प्रश्न उद्भवत नाही.

पक्षाच्या कामात अडकलेले साहेब जानेवारीच्या शेवटी दिल्लीहून आले तेव्हा तो कागद त्यांच्या कोटाच्या खिशात होता. त्यांनी तो माझ्या यंत्रावर ठेवला. मी वाचला. आम्ही दोघांनी एकदमच लोखंडी कपाटाकडे बघितलं. उलटतपासणीत समोरचा साक्षीदार असा गप्प झाला की साहेब खाली बसायचे, म्हणायचे, आता आणखी विचारायचं नसतं. त्या दिवशी तेही खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे अर्ज मी रिक्षात घालून कृषी कार्यालयात नेले. अधिकारी सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, घेतो, नोंदवतो. पण पंचनामा कशाचा करू? वावरात काय हाये?" वावरात काही नव्हतं. संक्रांत होऊन गेली होती. लोकांनी पऱ्हाट्या उपटून जळणाला रचल्या होत्या, कोणी त्याआधीच वावर रिकामं करून हरभरा टाकला होता. गिरजाबाईच्या गावची बैठक होऊन गेली होती. तिने आमच्या शिक्क्याचा कागद बैठकीत ठेवला होता म्हणे. दिराने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "याच्यात बी खोटं होतं असं कोणत्या साहेबानं लिहिलं? हे तं तुह्यंच बोलनं हाये." खरंच होतं. ते तिचंच बोलणं होतं, शब्दाला शब्द. त्याचाच आम्हाला केवढा अभिमान.

वावर दिराकडे वाहायला, म्हणजे कसायला, गेलं. कागदोपत्री तिचं नाव राहिलं काही वर्षं, मग तेही कसंसं निघालं. ती मजुरीला जाऊ लागली.

पण मजुरीला लागण्याआधी ती एकदा आमच्याकडे आली. कृषी कार्यालयात चौकशी करून आली होती, रडायला नाही. उभ्यानेच म्हणाली, "साहेब, कागद नाई तं नाई. तुमी एक डाव गावात या. दिरासमोर, चार मानसाईसमोर सांगा, का अर्ज तुमच्यापाशी राह्यला म्हून पंचनामा नाई झाला. तुमी बोलले तं लोक आयकते. मंग तो वावर सोडंन." साहेब म्हणाले, "येतो. रविवारी येतो."

रविवारी आम्ही निघालो. मी, साहेब, ड्रायव्हर आणि पक्षाचा एक कार्यकर्ता. पुढच्या निवडणुकीची हवा सुरू झाली होती. डांबरी रस्ता सोडून गावाकडे वळायच्या फाट्यावर तो कार्यकर्ता म्हणाला, "साहेब, बोलू का? तुमी एका गावात चूक कबूल केली, का उद्या साऱ्या गावातले लोक दारात उभे राह्यतीन. विरोधक तं टपूनच हाये. इलेक्शन होऊ द्या. मंग सांगा ना, कोण अडवते?" साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. फाट्यावर एक बंद पडलेली कापूस खरेदीची शेड होती, तिच्याकडे ते बराच वेळ बघत बसले. शेकडो साक्षीदारांना ज्यांनी सांगितलं होतं, खरं बोलायला भिऊ नको, मी आहे ना, ते. मग माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाले, "वळव."

मला उतरता आलं असतं. गाव दीड-दोन किलोमीटरवर होतं, पायांत धड चपला होत्या, ऊनही फार नव्हतं. शिक्का मी मारला होता, 'झालं' मी म्हटलं होतं. माझी नोकरी गेली असती फार तर, आणि मला वाटतं, तीही गेली नसती. मी मागच्या सीटवर बसून राहिले.

साहेब पुन्हा निवडून आले. मी कचेरीत पेढे वाटले. इलेक्शननंतर जाऊ, हे आम्ही दोघांनी आधी एकमेकांना सांगितलं, मग सांगायचं सोडलं. ते वाईट नव्हते. पुढे त्यांनी किती तरी लोकांची कामं केली, दवाखाने, रस्ते, एका आश्रमशाळेसाठी तर ते स्वतः उपोषणाला बसले. पण त्या वर्षानंतर पक्षकाराचं बोलणं वाचून दाखवायची रीत त्यांनी बंद केली. का, ते मी विचारलं नाही. शेवटच्या आजारात मी भेटायला जायची तेव्हा ते राजकारणावर बोलायचे, कोर्टातल्या गमती सांगायचे, आणि कधीतरी मधेच थांबून खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायचं, आता विषय निघेल. निघाला नाही. मीही काढला नाही. त्यांच्यावर राग धरायला मला आवडलं असतं, ते सोपं गेलं असतं.

तर स्मरणिकेचा कागद चार दिवस कोरा राहिला आणि पाचव्या दिवशी मी दिग्रसची एसटी धरली. तिथून गावापर्यंत ऑटो मिळाला. गिरजाबाईला शोधायला वेळ लागला नाही. केस पांढरे झालेले, कंबर थोडी वाकलेली, अंगणात मजुरीच्या वेचणीचं फडकं धूत होती. मला तिने लगेच ओळखलं. "टायपिंगवाल्या बाई ना वो?" पाणी दिलं, चहा ठेवला. मुलगी लग्न होऊन दूर गेली, बरी आहे म्हणाली. मी चहा हातात घेऊन सगळं सांगितलं. अर्ज कुठे राहिले, कोणी ठेवले, कृषी कार्यालय किती जवळ होतं, फाट्यावरून गाडी कशी वळली.

ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे माह्या दिरासमोर सांगता का?"

दीर चार घरं सोडून राहत होता. म्हातारा झालेला, पडवीत बाजेवर बसलेला, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं म्हणून काळा चष्मा. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोर्टात साक्ष दिल्यासारखं, एकेक गोष्ट. बियाणं खोटं होतं, पंचनामा होऊ शकला असता, तो आमच्यामुळे झाला नाही. वाटलं होतं, तो भांडेल, नाहीतर आता काय त्याचं म्हणेल.

तो शांतपणे म्हणाला, "मले तव्हाच मालूम होतं, बाई."

"काय मालूम होतं?"

"बी खोटं होतं ते. हिच्या पिशवीतलं उरलेलं बी हिनंच मले देल्लं होतं. मी माह्या वावरात चार तास लावले, धुऱ्याच्या बांधाकडून. त्याईलेबी बोंड नाई लागलं. मी दसऱ्याआधीच उपटून टाकले ते." कसलीही लाज नसल्यासारखं पण कसलाही जोर न लावता तो पुढे म्हणाला, "सरकारी कागद आला असता तं मी गप बसलो असतो. नाई आला."

मी गिरजाबाईकडे बघितलं. मला वाटलं ती त्याच्या अंगावर धावून जाईल. ती दाराच्या चौकटीला टेकली होती आणि त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"म्हंजे युरिया मापानंच पडला होता," ती म्हणाली. "आधी मी साऱ्याईले ठासून सांगे. मंग सांगू सांगू मलेच वाटाले लागलं, नाई, पडला असंन जास्त. तव्हापासून कोनाच्या वावरात खत टाकाले गेलीच नाई बाई मी. खताच्या मजुरीले बोलवाले येत, तरी नाई म्हने. मले वाटे, माह्या मुठीतच काई खोट हाये."